शेजाऱ्यांमधली अहिंसा : अंबाजोगाईच्या परिसरातून एक आढावा

२०२५ च्या सुरुवातीच्या महिन्यांत बीड जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी आपल्या दलात एक बदल केला. पोलिसांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची आणि नावाच्या पट्टीवर आडनाव लिहायचं नाही. बाहेरच्या माणसाला हे किरकोळ वाटेल. बीडमध्ये राहणाऱ्याला ते का करावं लागलं, हे सांगावं लागत नाही. तक्रार घेऊन ठाण्यात गेलेला माणूस आधी समोरच्या छातीवरची पट्टी वाचतो, आडनावावरून जात ओळखतो आणि मग किती बोलायचं ते ठरवतो. ज्या जिल्ह्यावर अशी वेळ येते तिथे अहिंसा, न्याय, प्रतिष्ठा हे विषय व्याख्यानमालेपुरते राहत नाहीत. उद्या दुकानात गिऱ्हाईक येईल का, लेकीला एसटीने एकटीला कॉलेजला पाठवावं का, इतके ते घराजवळ येतात.

याच जिल्ह्यात अंबाजोगाई आहे. योगेश्वरीचं गाव, मुकुंदराज आणि दासोपंतांच्या समाध्यांचं गाव, निजामाच्या काळातलं मोमिनाबाद. शिक्षणसंस्थांमुळे याला मराठवाड्याचं पुणं म्हणायची जुनी सवय आहे. माझ्या दृष्टीने या गावाचं महत्त्व वेगळ्याच गोष्टीत आहे. गेल्या नव्वद वर्षांत या गावाने आणि त्याच्या भोवतालच्या तालुक्यांनी संघर्षाचे जवळजवळ सगळे प्रकार पाहिले: संस्थानी राजवटीविरुद्धचा सत्याग्रह, धर्मावरून झालेला रक्तपात, दलित वस्त्यांवरचे हल्ले, घरातल्या बाईवरची हिंसा, आरक्षणावरून पेटलेली घरं, एका सरपंचाचा खून. प्रत्येक वेळी कुणीतरी शांततेच्या मार्गाने उभं राहिलं. काहींना यश आलं, काही एकटे पडले. तो हिशेब मांडायचा तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. समोर सरकार असलं की इथल्या माणसाला अहिंसक लढा उत्तम लढता येतो. समोर शेजारी असला की तोच लढा लटपटतो. आणि शेजाऱ्यांच्या भांडणात जिथे तो टिकला, तिथे कुणीतरी शांततेच्या वर्षांत चिवटपणे काही उभं करून ठेवलेलं होतं.

सुरुवात १९३५ पासून करावी लागते. त्या वर्षी एक तरुण संन्यासी मोमिनाबादच्या योगेश्वरी नूतन विद्यालयात आला. मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर, जन्म १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. १९३२ मध्ये संन्यास घेतल्यावर तो स्वामी रामानंद तीर्थ झाला होता. त्याआधी हिप्परगा इथल्या राष्ट्रीय शाळेत त्याने मुलं घडवली होती. हैदराबाद संस्थानात सरकारी शिक्षण उर्दूतून, खासगी शाळेवर डोळा, आणि 'गश्ती निशान ५३' नावाचा हुकूम असा, की परवानगीशिवाय सभा घेता येत नव्हती. अशा राजवटीत मराठी शाळा चालवणं हेच राजकारण होतं. स्वामीजींनी मोर्चापासून सुरुवात केली नाही, वर्गापासून केली. पुढे मराठवाड्याच्या लढ्यात जी माणसं दिसतात त्यांतली कितीतरी अशाच शाळांच्या बाकांवरून उठलेली आहेत. त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे यांनी तर पुढे १९५२ मध्ये लोकसभेत बीडचं प्रतिनिधित्व केलं.

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं आणि १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस. ती रीतसर स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबर १९३८ ला गोविंदराव नानल यांच्या पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला, तीन दिवसांनी स्वामीजींच्या तुकडीने. दोन महिने तुकड्यांमागून तुकड्या तुरुंगात जात राहिल्या. आणि २४ डिसेंबरला, ऐन भरात, गांधीजींच्या सल्ल्याने सत्याग्रह थांबवण्यात आला.

या थांबवण्याची चर्चा इतिहासात नाराजीने होते. मला मात्र तो या संपूर्ण लढ्यातला सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह निजामाविरुद्ध सुरू होते, आणि त्यांचा सूर धर्माचा होता. दोन्ही प्रवाह एकत्र वाहू लागले तर जबाबदार राज्यपद्धतीची मागणी ही मुसलमान राजाविरुद्ध हिंदू प्रजेची तक्रार म्हणून ओळखली जाईल आणि गावागावातल्या मुसलमान शेजाऱ्याला ती आपल्याविरुद्धची वाटेल, हा धोका खरा होता. गर्दी मागे असताना थांबणं कुठल्याही नेत्याला अवघड जातं. आज आंदोलनं भरकटताना बघितली की या निर्णयाची आठवण होते.

त्यानंतर सहाच दिवसांनी, ३० डिसेंबर १९३८ ला, कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी भरवलेल्या दलित परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. संस्थान एकच, महिनाही तोच. एकीकडे निजामाकडे नागरी हक्क मागणारे होते, दुसरीकडे गावाकडेच माणूसपण मागणारे. दोन्ही लढे अहिंसक, दोन्ही न्यायाचे. पण पहिल्यातल्या बहुतेकांना दुसऱ्याची निकड आपली वाटली नाही. ही फट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नसेल. चाळीस वर्षांनी ती भगदाड होऊन समोर आली.

त्याआधी १९४७-४८. भारत स्वतंत्र झाला, निजामाने विलीन व्हायला नकार दिला. ७ ऑगस्ट १९४७ ला 'भारतीय संघराज्यात सामील व्हा' आंदोलन सुरू झालं, १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीच्या रझाकारांनी खेड्यांत लूट, जाळपोळ, खून सुरू केले. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले आणि त्यांत बंदुका आल्या. रझाकार दारात उभा असताना निःशस्त्र राहा, असं सांगण्याचा अधिकार दूर बसलेल्या कुणालाही नव्हता, हे मला मान्य आहे. पण त्याच वर्षी शोएबुल्ला खान नावाचा तरुण संपादक हैदराबादेत आपल्या 'इमरोज' पत्रातून विलीनीकरणाची बाजू लेखणीने मांडत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याचा खून झाला. मराठवाड्याच्या मुक्तीची कथा सांगताना हे मुसलमान नाव पहिल्या पानावर असायला हवं.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात भारतीय सैन्याने कारवाई केली आणि निजामाने शरणागती पत्करली. दर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, आणि ती दिलीच पाहिजे. पण कारवाईच्या दिवसांत आणि त्यानंतरच्या आठवड्यांत गावागावांत सूड उगवला गेला, त्याबद्दल त्या व्यासपीठावरून कुणी बोलत नाही. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवलं. त्यांचा अंदाज होता की किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळले. त्याखालोखालच्या चार जिल्ह्यांत औरंगाबाद, नलगोंडा, मेदक यांच्याबरोबर बीडचंही नाव आहे. अहवाल दशकानुदशकं कपाटात राहिला आणि २०१३ च्या सुमारास सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचला.

त्या अहवालाने रझाकारांचे अत्याचार लपवले नाहीत. आणि त्यात एक नोंद अशी आहे जी मला आकड्यांइतकीच मोलाची वाटते: अनेक ठिकाणी हिंदूंनी आपला जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं, आणि एकाच धंद्यातल्या माणसांमध्ये, जसं विणकरांमध्ये, हे जास्त दिसलं. म्हणजे माणूस वाचवला तो रोजच्या कामातल्या संबंधाने. सोबत माग चालवणारा, सोबत बाजाराला जाणारा माणूस जमावाला एकदम परका वाटू शकत नाही. शांततेसाठी काय उभं करावं याचं उत्तर शोधणाऱ्याने ही नोंद नीट वाचावी.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांबद्दल १९९६ पासून डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि समेट आयोगासमोर पीडितांनी आणि गुन्हेगारांनीही उघडपणे साक्षी दिल्या. त्या प्रयोगातही त्रुटी राहिल्या, कितीतरी कुटुंबांना भरपाईची वाट बघत बसावं लागलं. पण झालं ते झालं असं म्हणून दार लावून घेतलं गेलं नाही. मराठवाड्यात १९४८ बद्दल असं काही घडलं नाही. दोन्हीकडच्या घरांत आजी-आजोबांच्या तोंडून दोन वेगळे इतिहास सांगितले जातात आणि निवडणूक आली की त्यांतला सोयीचा तुकडा भाषणात येतो.

मग १९७८. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि काही दिवसांत शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरं जाळली, विहिरी बंद केल्या, पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांचे जीव गेले. चाळीस वर्षांपूर्वीची ती फट हीच. एका विद्यापीठाचं नाव हे निमित्त होतं. गावकीच्या जमिनीत, पाण्यात, मानात दलित माणूस बरोबरीने उभा राहू लागला हे दुखणं होतं. सगळ्यात क्लेशकारक बाब अशी की निजामाविरुद्ध तुरुंगात गेलेल्या काही आदरणीय माणसांचाही नामांतराला विरोध होता. स्वामीजींचे निकटचे सहकारी गोविंदभाई श्रॉफ हे त्यांतलं मोठं नाव. त्यांचा युक्तिवाद मराठवाड्याच्या अस्मितेचा होता, हिंसेचा नव्हे. पण ज्या क्षणी वस्त्या पेटल्या त्या क्षणी त्या युक्तिवादाची जागा संपायला हवी होती. एस. एम. जोशींसारख्या समाजवाद्यांनी नामांतराच्या बाजूने उभं राहून लोकांचा रोष पत्करला, तो यासाठीच.

नामांतराचा लढा पुढे साडेपंधरा वर्षं चालला. १९७९ चा लाँग मार्च, सत्याग्रह, तुरुंगवास, आणि १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांचं आत्मदहन. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ज्यांची घरं जळली त्यांनी इतक्या वर्षांत उलट घरं जाळली नाहीत. महाराष्ट्राच्या अहिंसेच्या इतिहासात हा अध्याय दांडीयात्रेच्या शेजारी शिकवला गेला पाहिजे, पण आंबेडकरी चळवळीला अहिंसक म्हणायला आपली अभ्यासमंडळी अजून बिचकतात.

याच जिल्ह्यात या प्रश्नाचं सर्वांत ठोस काम झालं ते एकनाथ आवाड यांच्या हातून. कार्यकर्ते त्यांना जिजा म्हणत. जन्म १९५६ चा, दुकडेगावचा, वडील पोतराज. त्यांनी मानवी हक्क अभियानातून दोन गोष्टी लावून धरल्या. एक, अत्याचार झाला की गुन्हा नोंदवायचाच, गावाने कितीही मिटवा म्हटलं तरी. दुसरी, गायरान. भूमिहीन दलित कुटुंबांनी गावच्या गायरानाचा पडीक तुकडा नांगरायचा, पेरायचा, राखायचा. अतिक्रमण म्हणून तलाठ्याने दंड लावला तर तो भरायचा आणि पावती जपून ठेवायची, कारण तीच पावती पुढे ताब्याचा पुरावा होते. अतिक्रमणांच्या 'एक-ई' नोंदवहीत नाव लागलं का, पीकपाहणीत पेरा लिहिला का, यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवायच्या. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ मध्ये निघाला, त्याच्या मागे दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांपासूनची परंपरा होती. पण निर्णय निघाला म्हणून सातबारा हातात येत नाही.

गायरानावर उभं पीक गावाच्या गुरांकडून चारून टाकणं, पाण्याला बंदी, किराणा बंद, मजुरी बंद, मारहाण: हे सगळं या कुटुंबांनी सोसलं. जिजांवरही हल्ले झाले. ते गांधीवादी नव्हते, मार खाऊन गप्प बसा असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांचं शस्त्र कायदा हे होतं आणि कायद्याच्या मागे उभी केलेली माणसं. माझ्या मते जिल्ह्यातल्या शांततेसाठी त्या दोन-तीन एकरांच्या तुकड्यांनी जे केलं ते शंभर सद्भावना रॅल्यांना जमलं नसतं. ज्याच्या घरात स्वतःची ज्वारी आहे त्याला बहिष्काराने दोन दिवसांत गुडघ्यावर आणता येत नाही. २०१५ मध्ये जिजा गेले. त्याआधीच, २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचा निकाल दिला होता. त्याचा रोख बड्या बळकावणाऱ्यांवर असला, तरी टांगती तलवार या भूमिहीनांच्याच डोक्यावर राहिली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१७ मध्ये लागू झाला, तो जिजांच्या कुटुंबांना फार आधी हवा होता.

अंबाजोगाईत याच काळात दुसरं एक काम उभं राहत होतं. डॉ. द्वारकादास लोहिया राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतले, आणीबाणीत तुरुंगात गेलेले. त्यांच्या पत्नी शैलाताई मराठीच्या प्राध्यापक, लोकसाहित्याच्या अभ्यासक. १९८२ मध्ये डॉक्टरांनी 'मराठवाडा नवनिर्माण लोकायत' म्हणजे मानवलोक सुरू केलं. पाणलोटाची कामं, अल्पभूधारकांच्या विहिरी, बांधबंदिस्ती. वरवर पाहता यात संघर्षनिवारणाचं काही नाही. पण दुष्काळी गावात बांधावरून आणि पाण्याच्या पाळीवरून जितकी डोकी फुटतात तितकी विचारसरणीवरून फुटत नाहीत. पाणी अडवायचं तर ओढ्याच्या दोन्ही काठांच्या माणसांना एका बैठकीला बसवावं लागतं. असा माणूस पुढच्या भांडणात दगड उचलण्याआधी एकदा तरी थबकतो.

शैलाताईंनी उभी केलेली मनस्विनी ही त्याहून अवघड वाटेवरची संस्था. नवऱ्याने टाकलेल्या, मारहाण सोसून घराबाहेर पडलेल्या, जळालेल्या बायका गावात कुठे जाणार? माहेर म्हणतं परत जा, सासर म्हणतं येऊ नको, पोलीस म्हणतात घरगुती मामला आहे. मनस्विनीने त्यांना निवारा दिला, काम शिकवलं, कोर्टात सोबत केली, आणि जिथे बाईची इच्छा असेल तिथे सासरच्यांना समोर बसवून बोलणं केलं. हे सगळं घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा येण्याच्या कितीतरी आधीचं. आपल्याकडे संघर्ष म्हटला की दंगल डोळ्यासमोर येते. चार भिंतींच्या आत रोज जी दंगल चालते तिला आपण संसार म्हणतो. शैलाताईंनी हा भेद मानला नाही. त्या २०१३ मध्ये गेल्या, डॉक्टर २०१८ मध्ये. संस्थेचं काम चालू आहे.

मनस्विनीच्या कामातून समेटाबद्दलचा एक धडा मिळतो आणि तो सरकारी योजनांना अजून उमगलेला नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राबवली गेली. कल्पना चांगली होती: बांधाचे, वाटणीचे, देण्याघेण्याचे तंटे गावातच मिटावेत, कोर्टाच्या खेपा वाचाव्यात. अनेक ठिकाणी ते झालंही. पण गावाला बक्षीस ठेवलं की तंटा मिटवण्यापेक्षा तो कागदावर नसणं महत्त्वाचं होऊन बसतं. मग मार खाल्लेली बाई आणि शिवी खाल्लेला दलित तरुण यांच्यावरच दबाव येतो: गावाचं नाव खराब करू नको, सही कर. दोन समान ताकदीच्या माणसांत समेट करता येतो. एकाचा पाय दुसऱ्याच्या मानेवर असताना केलेला समेट म्हणजे तो पाय तसाच ठेवण्याचा करार. म्हणून अंबाजोगाईच्या अनुभवातून मी असं म्हणेन की समेटाला बसण्याआधी पीडिताकडे परत जायला जागा हवी: निवारा, जमीन, वकील, काहीही.

एका प्रकारच्या हिंसेची तर पोलीसठाण्यात नोंदच होत नाही. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि बीड जिल्ह्यातल्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ बायकांचं गर्भाशय काढल्याचं आढळलं. सहा बायकांमागे एक. उचल फेडायची, खाडा परवडत नाही, पाळीतही फडात उभं राहायचं, म्हणून तिशी-चाळिशीत अवयव काढून टाकायचा. शेतकरी आत्महत्यांची गोष्ट याच कुळातली. अंबाजोगाईचे अमर हबीब जयप्रकाशांच्या आंदोलनातून आलेले, आणीबाणीत तुरुंग भोगलेले. १९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवलं; त्या तारखेला एक दिवस अन्नत्याग करण्याची प्रथा हबीब यांनी २०१७ मध्ये सुरू केली. त्यांचं किसानपुत्र आंदोलन जमीनधारणा, आवश्यक वस्तू आणि भूसंपादन या तीन कायद्यांना शेतकऱ्याच्या गळ्यातला फास मानतं. कमाल जमीनधारणेच्या कायद्याबद्दल मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटत नाही, कारण भूमिहीनांची बाजू त्यात मागे पडते. पण शेतकऱ्याच्या मरणाला नशीब न म्हणता अन्याय म्हणणं आणि त्याविरुद्ध उपाशी राहून उभं राहणं, ही याच मातीतली चाल आहे.

आता आजचा भाग. २०१६ मध्ये कोपर्डीतल्या मुलीवरच्या बलात्कार आणि खुनानंतर ९ ऑगस्टला औरंगाबादला पहिला मराठा मूक मोर्चा निघाला, त्याच महिन्याच्या अखेरीस बीडला. लाखो माणसं, पुढे मुली, घोषणा नाही, दगड नाही, मोर्चा संपल्यावर रस्ता झाडणारे तरुण. शिस्तीचं असं दर्शन देशात क्वचित घडलं असेल. त्या मोर्चांच्या मागण्यांत ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याची एक मागणी होती आणि तिने दलित वस्त्यांत धडकी भरली, हेही तितकंच खरं. शांत मोर्चासुद्धा शेजाऱ्याला भीती घालू शकतो, हे मोर्चेकऱ्यांनी तेव्हा ओळखायला हवं होतं. जुलै २०१८ मध्ये परळीला ठिय्या सुरू झाला आणि त्याच महिन्यात राज्यभर आंदोलन हिंसक झालं. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीला मनोज जरांगे यांच्या मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणस्थळी १ सप्टेंबरला लाठीमार झाला. उपोषणाला लाठीने उत्तर देणाऱ्या सरकारने त्या दिवशी स्वतःच्या हाताने ठिणगी टाकली. ३० ऑक्टोबरला बीड आणि माजलगावात आमदारांची घरं पेटवली गेली. २०२४ मध्ये वडीगोद्रीला लक्ष्मण हाके ओबीसींच्या बाजूने उपोषणाला बसले. अंबड तालुक्यातल्या जवळजवळच्या दोन गावांत दोन उपोषणं आणि दोन्हींमागे खऱ्या भीतीने घेरलेली माणसं. एकाला वाटतं पोराला नोकरी नाही, शेती उरली नाही. दुसऱ्याला वाटतं मिळालेलं थोडंसं हिसकावलं जाईल. उपोषणाने सरकारला झुकवता येतं, पण शेजाऱ्याचं मन वळवण्यासाठी त्याच्या ओसरीवर जाऊन बसावं लागतं, आणि ते कुणीच केलं नाही. लोकसभेच्या निकालानंतर जिल्ह्यात एकमेकांच्या दुकानांवर बहिष्काराची भाषा सुरू झाली.

९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून करण्यात आला. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार पवनचक्की कंपनीकडून मागितलेल्या खंडणीशी त्याचा संबंध आहे. तीन दिवस आधी कंपनीच्या आवारात दलित समाजातल्या एका सुरक्षारक्षकाला मारहाण झाली, तेव्हा सरपंच म्हणून देशमुख मध्ये पडले होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एका मराठा सरपंचाने एका दलित रखवालदारासाठी पुढे होणं ही या जिल्ह्यातली अभिमानाने सांगायची घटना. पण खुनानंतर काही दिवसांतच चर्चा मराठा विरुद्ध वंजारी अशी झाली, आणि तो रखवालदार, ज्याच्यापासून सगळं सुरू झालं, तो गोष्टीतून गळून पडला. खंडणीच्या टोळीला यापेक्षा सोयीचं काही नसतं. गुन्ह्याला जातीचा चेहरा दिला की आरोपीच्या मागे अख्खा समाज उभा करता येतो आणि त्या समाजातल्या हजारो कष्टकऱ्यांना नाहक आरोपीच्या पिंजऱ्यात ओढता येतं.

मस्साजोगच्या लोकांनी मात्र संयम सोडला नाही. मोर्चे काढले, निवेदनं दिली, २५ फेब्रुवारी २०२५ ला अन्नत्याग सुरू केला आणि दुसऱ्या दिवशी विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांच्या नियुक्तीची घोषणा झाली. प्रकरणाला मकोका लावला गेला. आरोपपत्रातली छायाचित्रं समोर आल्यावर ४ मार्चला, मुख्य आरोपी ज्यांचा निकटवर्तीय मानला जात होता त्या धनंजय मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढचं काम न्यायालयाचं आहे. पण लक्षात घेण्यासारखं हे की प्रत्येक पाऊल उपोषण आणि जनक्षोभ यांच्या रेट्याने पडलं. ज्या गावाच्या मागे इतका गाजावाजा नाही, जिथे मेलेला माणूस ऊसतोड मजूर किंवा पारधी आहे, तिथे कुणाच्या रेट्याने पाऊल पडणार? माणसं कायदा हातात घेतात त्यामागे बहुतेक वेळा रागाइतकंच हे गणित असतं, की रांगेत उभं राहून आपला नंबर येणार नाही.

आडनावं काढलेल्या पट्ट्यांचं मी स्वागत करतो. त्यापुढे जायचं तर साक्षीदाराला संरक्षण, गुन्हा नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई, गायरानधारकांचे रखडलेले सातबारे आणि बायकांसाठी प्रत्येक तालुक्याला निवारा, इथपर्यंत जावं लागेल. शाळा-कॉलेजांचा वाटाही मोठा आहे. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला, ज्याला सगळे 'स्वाराती' म्हणतात, आणि नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचं नाव आहे. १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमात शोएबुल्ला खान, सुंदरलाल अहवाल, मक्रणपूरची परिषद आणि पोचिराम कांबळे यांच्याबद्दलही मुलांना सांगितलं तर त्या नावाला शोभेल.

आणि शांतता समित्या. सण जवळ आला की ठाण्यात बैठक होते, तेच आठ-दहा प्रतिष्ठित पुरुष येतात, चहा होतो, फोटो निघतो. वस्तीवरची बाई, गायरानावरचा माणूस, तांड्यावरचा मजूर तिथे नसतो. या बैठका सणावर न ठेवता उसाच्या हंगामावर ठेवाव्यात अशी माझी सूचना आहे. दिवाळीनंतर जिल्ह्यातली लाखो माणसं फडावर निघून जातात आणि गावात उरतात म्हातारी माणसं आणि ज्यांच्याकडे जमीन आहे ते. कारखान्यांचे पट्टे पडले की एप्रिल-मेमध्ये सगळे परततात. मुकादमाचे हिशेब, उचलीचे वाद, लग्नं, जत्रा, पाण्याची टंचाई, बांधाची भांडणं, सगळं त्याच दोन महिन्यांत येतं. बैठक तेव्हा घ्यावी, ठाण्यात न घेता वस्तीच्या समाजमंदिरात घ्यावी, आणि तहसीलदाराने 'एक-ई'ची वही सोबत आणावी.